लेसीचं लग्न आणि चौथ्या संधीतला एक यार्ड

१८ ऑगस्ट, रविवार

आजपासून डायरी. कल्पना नेल्डाची. म्हणाली, डॉयल, त्या १९९४च्या मॅचबद्दल तुला जे काय बोलायचंय ते यापुढे वहीला सांग, माझे कान किटलेत. बायको आहे म्हणून ऐकून घेतलं.

खरं तर मी १९९४बद्दल फारसा बोलतच नाही. विषय निघाला तरच. आता विषय निघतो त्याला मी काय करू? आज चर्चमध्ये ब्रदर लॅमार क्षमेवर बोलले. क्षमा म्हटलं की कोच पर्विस लॅडनर आठवणारच. बाहेर पडताना मी तसं म्हणालो, तर म्हणतात, डॉयल, गेल्या रविवारी मी नोहाच्या तारवावर बोललो तेव्हाही तुम्हाला लॅडनरच आठवला होता.

एकदाच नीट लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल. नोव्हेंबर १९९४. आमची कॉलेज फुटबॉलची टीम, कूसा स्टेट, एकही मॅच हरलेली नाही. शेवटची मॅच लॉडरमिल्क टेकशी. जिंकलो की देशात पहिले. आम्ही पुढे, दोन मिनिटं बाकी, बॉल आमच्याकडे. दहा यार्ड पुढे जायला चार संधी असतात, नाही जमलं तर बॉल तिथेच समोरच्यांचा. तीन झाल्या, उरला एक यार्ड. एक! मी झोपेत कूस बदलली तरी एक यार्ड होतो. चौथ्या संधीत छाती काढून घुसायचं, यार्ड घ्यायचा, वेळ संपवायची, घरी यायचं. आमच्या कोच लॅडनरनं काय केलं? पंट. म्हणजे बॉल लाथेनं लांब उडवून टेकला देऊन टाकला. घ्या म्हणाला. त्यांनी घेतला आणि जिंकले. त्यानंतर आम्ही पुन्हा कधी तिथवर पोचलो नाही.

बस. विषय संपला.

२४ ऑगस्ट, शनिवार

विषय संपला होता, पण सलूनमध्ये हॉइट भेटला. हॉइट म्हणजे नेल्डाचा भाऊ. मेहुणा असल्यामुळे तोडता येत नाही. त्याचं तीस वर्षं एकच तुणतुणं: पंट बरोबरच होता, बॉल घेऊन पळालेल्या टेकच्या त्या पोराला कोणी धरलं नाही त्याला लॅडनर काय करणार? मी मानेला फडकं बांधलेल्या अवस्थेत त्याला सगळं समजावलं. न्हाव्यानं दोनदा कात्री खाली ठेवली. शेवटी हॉइट सगळ्यांदेखत म्हणाला, तू कशाला बोलतोस, तू मॅच बघितलीस तरी का? तू तर हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये बसला होतास.

हो, होतो. लेसी त्याच दुपारी जन्मली. मी खाली गाडीत रेडिओ लावून बसलो होतो, तो फक्त त्या एका संधीपुरता. लॅडनर घुसला असता तर मॅच तिथल्या तिथे संपली असती आणि मी धावत वर. पंट केल्यामुळे मॅच लांबली. वर पोचलो तेव्हा लेसी टॉवेलात गुंडाळलेली, आणि हॉइटच्या हातात. लोक विचारतात, डॉयल, एका कोचवर इतका राग का? अरे, त्या माणसामुळे बापाचा मुलीचा जन्म हुकला!

केस एका बाजूला जास्त कापले गेलेत.

२९ ऑगस्ट, गुरुवार

लेसीचं लग्न ९ नोव्हेंबरला. तारीख मी काढली, याची इथे नोंद असावी. तिला ऑक्टोबरचा दुसरा शनिवार हवा होता. मी म्हटलं, बाळा, आपल्या गावात मॅचच्या शनिवारी फक्त मरतात, तेही नाइलाज असेल तर. गेल्या वर्षी त्या पिटमनांनी मुलीचं लग्न मॅचच्या दिवशी ठेवलं. निम्मे पाहुणे आलेच नाहीत आणि आले त्यांच्या कानात वायरी. म्हणून मी सीझनचं वेळापत्रक घेऊन बसलो आणि एकुलता एक मोकळा शनिवार शोधला. त्या दिवशी कूसा स्टेटची मॅचच नाही. याला म्हणतात प्लॅनिंग. लॅडनरकडे हेच नव्हतं.

मुलगा ब्रॅनन चांगला आहे. पियानो शिकवतो. एकच शंका: त्याच्या कॉलेजात फुटबॉलची टीमच नव्हती. मग चार वर्षं तिथे हा करत काय होता?

संध्याकाळी लेसी माझ्याजवळ बसली. म्हणाली, डॅडी, मला सीझनमधला एक दिवस दे. फक्त एक, पण पूर्ण. मी १९९४च्या टोपीवर हात ठेवून शपथ घेतली. ती टोपी मी त्या मॅचच्या वेळी घातली होती आणि तेव्हापासून धुतलेली नाही. लेसीनं नाक दाबलं, पण डोळे पाणावले होते तिचे. मुलीचा विश्वास आहे माझ्यावर.

१२ सप्टेंबर, गुरुवार

दोन्ही मॅच जिंकलो. नवा कोच स्टिगलर बरा वाटतो, पण पंट फार करतो.

दर गुरुवारी रेडिओवर कोचचा कार्यक्रम असतो, लोक फोन करून प्रश्न विचारतात. यंदा फोन करायचा नाही असं ठरवलंय. माणसानं वयाप्रमाणे वागावं.

तोच दिवस, नंतर

केला फोन. कोणीतरी बाई विचारत होती की कोचना कोणता केक आवडतो. वेळ वाया चाललेला मला बघवत नाही. निवेदक म्हणाला, डॉयल, आम्ही वाटच बघत होतो. किती आदरानं बोलतात! मी कोचला म्हटलं, चौथी संधी आणि एक यार्ड, तर घुसायचं. कोच म्हणाला, थँक यू, डॉयल. आवाजावरून विचारात पडलेला वाटला.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

उद्या टेकशी मॅच, त्यांच्या मैदानावर. चारही मॅच जिंकल्यात. पण समुद्रावरून वादळ येतंय. मॅच पुढे ढकलली. लोकांच्या जिवापुढे मॅच काय, मी स्वतः नेल्डाला म्हटलं. ती माझ्याकडे बघतच राहिली.

३० सप्टेंबर, सोमवार

ढकललेली मॅच कुठे घालायची? दोन्ही टीमांचा मोकळा शनिवार बघून. तो कोणता?

आज काही लिहवत नाही.

१ ऑक्टोबर, मंगळवार

९ नोव्हेंबर.

नेल्डा हसत सुटली, तिला खुर्ची धरावी लागली. हॉइटनं मुद्दाम फोन करून विचारलं, प्लॅनिंग कोणाचं होतं रे? हॉल, केक, ब्रॅननच्या मावशीचं विमान, काहीच आता हलत नाही.  लेसीनं फक्त माझ्याकडे बघितलं. त्यापेक्षा तिनं एखादी प्लेट फोडली असती तर बरं झालं असतं.

मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं: त्या दिवशी माझा फोन सकाळीच नेल्डाच्या पर्समध्ये जाईल. टीव्ही नाही, रेडिओ नाही, स्कोअर विचारणं नाही. मी लॅडनर नाही. मी घुसणार. हॉइट म्हणाला, बघू.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

अजून हरलो नाही. १९९४नंतर पहिल्यांदाच. अख्खं गाव हरखलंय. बँकेतली मुलगी पावती देताना रडली.

मी शांत आहे. टीव्हीवाले मॅच संध्याकाळचीच ठेवणार, माझा अनुभव सांगतो. एवढी मोठी मॅच दुपारी कोण वाया घालवतं? लग्न चारला. सहापर्यंत जेवणं. सातला घरी. कोणाचा काही प्रश्नच नाही.

कार्यक्रमात फोन केला. थँक यू, डॉयल, म्हणाला कोच.

२८ ऑक्टोबर, सोमवार

मॅच साडेबाराला सुरू. म्हणजे चारच्या सुमाराला संपणार. नेमकी.

टीव्हीवाल्यांना काडीची अक्कल नाही.

२ नोव्हेंबर, शनिवार

जिंकलो. आता टेक. भाषण लिहायला घेतलं. वधूपित्याचं भाषण छोटं आणि हृदयाला भिडणारं असावं. सुरुवात अशी केलीय: आयुष्यात प्रत्येकासमोर एक चौथी संधी येते.

७ नोव्हेंबर, गुरुवार

नेल्डाला भाषण वाचून दाखवलं. तिचं म्हणणं, लॅडनरचं नाव सात वेळा आलंय आणि ब्रॅननचं एकदाही नाही. मी म्हटलं, ब्रॅननचं अजून काही कर्तृत्व नाही. तिनं कागद परत दिला. लॅडनर दोनवर आणला. ब्रॅननलाही दोन. बरोबरी झाली.

संध्याकाळी फोन. या वेळी मी कोचला मनापासून म्हटलं, कोच, तीस वर्षं एक बाप वाट बघतोय. कोच खाकरला. मग म्हणाला, थँक यू, डॉयल.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

टोपी सापडत नाही! कपाट, गॅरेज, कुत्र्याची टोपली, सगळं बघितलं. घालणार नव्हतोच. पण गाडीत ठेवली असती. असू दे म्हटलं. हॉइटचंच काम असणार. नेल्डा म्हणते, मिळेल, आधी झोप. कूसा स्टेटचे नारिंगी मोजे मात्र सुटाच्या आत जाणार. त्याबद्दल शपथेत काही नव्हतं.

९ नोव्हेंबर, शनिवार, सकाळी

आजचा दिवस लेसीचा. फोन सगळ्यांदेखत नेल्डाच्या पर्समध्ये टाकला. लेसीनं गालावर पापी दिली. हॉइटसुद्धा गप्प बसला. ही माझी मॅच आहे आणि मी तयारीनिशी उतरतोय.

माझ्या पिकअप ट्रकच्या रेडिओचं कोणालाच काही आठवलं नाही. मीही आठवण करून दिली नाही. ऐकणारच नाहीये, तर विषय कशाला काढायचा?

१० नोव्हेंबर, रविवार

काल जे झालं ते जसं झालं तसं लिहितो, कारण गावात भलत्याच कहाण्या फिरताहेत.

चर्चला वेळेत पोचलो. बायका वधूला सजवण्यात गुंतलेल्या, माझं काही काम नव्हतं. तीनच्या सुमाराला नेल्डाला म्हटलं, जरा मोकळ्या हवेत भाषणाची प्रॅक्टिस करून येतो. ट्रक चर्चमागच्या दफनभूमीच्या भिंतीआड नेऊन लावला, उगाच कोणाचा गैरसमज नको म्हणून. भाषण काढलं. एकटं वाटायला लागलं. रेडिओ लावला. अगदी बारीक.

आम्ही दोन पॉइंटांनी पुढे. मी लगेच बंद करणार होतो. पण अशा वेळी बंद करणं टीमला बरं नसतं.

चारला थोडा वेळ होता. मॅचची दोन मिनिटं बाकी. बॉल आमच्याकडे. तीन संधी संपल्या. आणि रेडिओवरचा माणूस म्हणाला, चौथी संधी, एक यार्ड.

 तेच सगळं! तोच महिना, तीच टीम, तोच एक यार्ड, आणि मी परत एका पार्किंगमध्ये. कोचनं वेळ मागून घेतली, विचार करतोय म्हणाला रेडिओ. मी समोर बघितलं. भिंतीपलीकडे चर्च, त्यात माझी मुलगी पांढऱ्या झग्यात माझा हात धरायला उभी असेल.  मी चुकत होतो असं नाही. पण वाटलं, स्टिगलर पंटच करणार, लॅडनरसारखाच. निदान मी तरी घुसतो. आणि मी रेडिओ बंद केला. चौथ्या संधीत! पाणी भरलेल्या खड्ड्यातून, नव्या बुटांनी, धावत सुटलो. आयुष्यात इतका हलका कधी धावलो नव्हतो.

चर्चचं दार ढकललं. आत कोणी नाही. बाकांवर कोणी नाही, वेदीजवळ कोणी नाही. फक्त मिस यूला नावाच्या म्हाताऱ्या ऑर्गनवाल्या बाई, त्याही विणकाम करत बसलेल्या. मी विचारलं, लग्न कुठे गेलं? त्या म्हणाल्या, सगळे शेजारच्या हॉलमध्ये आहेत, मॅच बघताहेत.

तेवढ्यात भिंतीपलीकडून असा आवाज आला की जणू दोनशे माणसांच्या पायावर एकदम पियानो पडला.

हॉलमध्ये गेलो. टेबलावर मोठा टीव्ही. ब्रदर लॅमार बायबल छातीशी धरून. पाहुणे डोक्याला हात लावून. हॉइट एका खुर्चीत कोसळलेला, तोंड उघडं. आणि सगळ्यांत पुढे लेसी, झग्यावर टेबलक्लॉथ पांघरलेला, हातात उकडलेल्या शेंगांचा द्रोण.

मला बघून म्हणाली, डॅडी, होतास कुठे तू? अर्धा तास तुझ्यासाठी ही खुर्ची धरून बसलेय. आत्ता मामा त्यात पडला.

मग सगळं कळलं. साडेतीनला कोणीच जागचं हलेना तेव्हा लेसीच म्हणाली, मॅच संपल्यावर करू लग्न, ब्रॅनन काही पळून जात नाही. मला सांगायला माणसं धाडली. पार्किंग बघितलं, रस्ता बघितला. फोन करावा तर तो नेल्डाच्या पर्समध्ये वाजला. भिंतीआड बघावं असं कोणाला सुचलं नाही.

मी म्हटलं, गाडीत होतो. तिनं विचारलं, रेडिओ लावून? मी छाती काढून सांगितलं, बंद केला. चौथ्या संधीला. तुझ्यासाठी.

लेसी माझ्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, काजळ गालावर आलं. म्हणाली, डॅडी, मी जन्मले तेव्हा चालू ठेवलास. आज मी जागा धरून बसले तर बंद केलास. दोन्ही वेळा तू आपला बाहेरच.

 नव्या बुटांतून पाणी पचपचत होतं.

मग मी विचारलं, पंटच केला ना?  हॉइट खुर्चीतून म्हणाला, नाही रे बाबा. घुसले. वीतभर कमी पडले.

नंतरचं मी उभ्यानं बघितलं. टेकनं तीन पॉइंटांची किक मारली आणि जिंकले. म्हणजे त्या मॅचमधला मी प्रत्यक्ष बघितलेला भाग तेवढाच.

लग्न लागलं. लेसीचा हात माझ्या हातात होता, तिनं घट्ट धरला होता, हे कोणी नाकारू शकत नाही. अख्खं चर्च मुसमुसत होतं. ब्रॅननची आई भारावून गेली. म्हणाली, इतकी हळवी माणसं मी कुठेच बघितली नाहीत. कोणी तिला खरं कारण सांगितलं नाही. भाषण ट्रकमध्येच राहिलं. जे सुचलं ते बोललो. लॅडनरचं नाव घेतलं नाही. नेल्डा म्हणते, एकदा घेतलं.

११ नोव्हेंबर, सोमवार

पेपरात कोच स्टिगलर. त्यांना विचारलं, पंट का नाही केला? तर म्हणे, एक गृहस्थ दर गुरुवारी फोन करून सांगतात, म्हटलं एकदा ऐकून बघावं. नाव घेतलं नाही, सज्जन माणूस. पण गावात कोणाला नाव हवं होतं?

बँकेतली मुलगी आज माझ्याशी बोलली नाही. पेट्रोल पंपावर एकजण म्हणाला, काय डॉयल, घुसायचं ना? सलूनमध्ये हॉइटनं सगळ्यांसमोर मला सिगार दिला. तीस वर्षांचा वाद मिटला म्हणाला. मी शांतपणे सांगितलं, काहीही मिटलेलं नाही. मी घुसा म्हटलं होतं, डावीकडून. हे उजवीकडून घुसले. न्हावी म्हणाला, डावीकडून असं तुम्ही कधीच म्हणाला नव्हता. ते सांगावं लागतं का?

शिवाय मी ती संधी स्वतः बघितलेली नाही. जे बघितलं नाही त्यावर मत देणं मला पटत नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

आज रेडिओला फोन केला नाही. लागतच नव्हता.

संध्याकाळी लेसीचा फोन आला, समुद्रकिनाऱ्यावरून. खुशीत आहेत दोघं. म्हणाली, फोटो आलेत, एक तुला पाठवलाय, तो मी फ्रेम करणार आहे. उघडून बघितला. बरोबर त्या चौथ्या संधीचा क्षण. सगळ्यांचे हात डोक्यावर, ब्रदर लॅमारांचे डोळे मिटलेले, हॉइट उभा. मधे लेसी, पांढरीशुभ्र. तिचा एक हात शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर.

खुर्ची अगदी रिकामी नाही. तिच्यावर माझी टोपी आहे.

लेसीनंच ती आदल्या दिवशी नेल्डाकडून मागून घेतली होती. म्हणे, मॅच लांबलीच तर डॅडीला शेजारी बसवीन, तेव्हा त्याला लागेल. नेल्डानं आत्ता ती पर्समधून काढून दिली. हॉइट बसल्यामुळे पार चपटी झालीय.

मी लेसीला म्हटलं, कोचनं वेळ आणखी थोडी लांबवली असती तर मी पोचलो असतो. ती नुसतं म्हणाली, डॅडी.  मागे समुद्राचा आवाज येत होता.

फोटो पुन्हा बघितला. १९९४ला तिच्याजवळ माझं काहीच नव्हतं. या वेळी टोपी होती. प्रगती आहे.